मशीनखाली पाणी? आधी वेळ बघा, मग जागा

मागच्या अंकात मिक्सरवर लिहिताना मी शेवटी सहज टाकलं होतं की वॉशिंग मशीन गळत असेल तर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. तर बहुतेक अख्खा महाराष्ट्र गळतोय असं दिसतंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून एकमेकांपासून वेगळे असतील असे प्रश्न निवडलेत. सगळे टॉप लोडचेच आहेत, फ्रंट लोडवाल्यांनी जरा धीर धरा, तुमच्या दाराच्या रबराचं दुखणं वेगळं आहे.

प्रश्न : दादा, आमचं ६.५ किलोचं फुल ऑटोमॅटिक आहे, ७ वर्षं झाली. गेले दोन महिने धुणं झालं की मशीनखाली तांब्याभर पाणी साचलेलं असतं. मेकॅनिक आला, त्याने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला गिअर बॉक्स गेला, खर्चात पडण्यापेक्षा नवीन घ्या. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू. मला पटत नाहीये. — बदलापूरहून एक वाचक

ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. मशीनखाली पाणी बघून गिअर बॉक्स गेला म्हणणं म्हणजे पेशंटला खोकला आला म्हणून फुप्फुस काढा सांगण्यासारखं. मी २० वर्षं हेच काम केलं, अजूनही पाणी कुठून येतंय ते नुसतं बघून सांगत नाही. कारण पाणी लबाड असतं, वर मागच्या बाजूला पाझरतं, पत्र्याच्या आतून ओघळत येतं आणि पुढच्या पायाजवळ टपकतं, मग आपण पुढचा पाय बघत बसतो. म्हणून जागा नंतर. आधी ते कधी येतं ते बघायचं.

कसं बघायचं ते सांगतो, एक तास जाईल पण मेकॅनिकची फी वाचेल. मशीन रिकामं करा, खालची फरशी एकदम कोरडी पुसा आणि मशीनखाली चारी बाजूने जुने पेपर सरकवा. पेपरवर पहिला थेंब कुठे पडला ते लगेच दिसतं, फरशीवर दिसत नाही.

आता मशीन बंदच ठेवा आणि फक्त नळ सोडा. अर्धा तास काही करू नका. एवढ्यातच पेपर भिजला तर टब, सील, गिअर बॉक्स, सगळे निर्दोष सुटले, कारण टबमध्ये अजून पाणी गेलेलंच नाही. दोष नळ ते इनलेट व्हॉल्व (मशीनमध्ये पाणी सोडणारी-थांबवणारी झडप) या हातभर अंतरात आहे आणि दहापैकी आठ वेळा तो पाइपच्या टोकातला रबरी वायसर असतो, जो कडक होऊन चिरलेला असतो.

पेपर कोरडा राहिला तर मशीन चालू करा, कपडे न घालता, पाणी फुल लेव्हलला. आणि टबमध्ये नीळ टाका. हो, आपली पांढऱ्या कपड्यांची नीळ, चार-पाच थेंब पुरे. खाली जे पाणी येईल ते निळं असेल तर टबमधून आलंय, स्वच्छ असेल तर टबमध्ये जायच्या आधीच सुटलंय. (नीळ नसेल तर बोटाने बघा, साबणाचं पाणी बुळबुळीत लागतं, पण नीळ खोटं बोलत नाही.) पाणी भरलं की पॉज करून १५ मिनिटं तसंच उभं ठेवा. मग पाच-दहा मिनिटं धुवू द्या. मग ड्रेन. मग स्पिन. प्रत्येक टप्प्यानंतर टॉर्च मारून पेपर बघायचे आणि कागदावर लिहून ठेवायचं.

भरतानाच वरून ओघळलं तर साबणाचा ट्रे बघा, ओली पावडर बसून बसून त्याचा दगड होतो आणि पाणी आत जायच्या ऐवजी कडेने बाहेर येतं. गरम पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासला की झालं काम. भरून नुसतं उभं असताना खाली येतंय तर टबला लागलेला एखादा पाइप, क्लॅम्प, नाहीतर मधलं सील (टबच्या तळातल्या दांड्याभोवतीचं रबर). धुताना जास्त आणि बरोबर मधोमध येतंय तर सीलवर संशय. फक्त ड्रेन होताना येतंय तर ड्रेन पाइप किंवा बाहेरचा ट्रॅप, म्हणजे फरशीतली पाणी जायची जाळी. फक्त स्पिनला येतंय तर मशीन डुलतंय किंवा एखादा पाइप हलल्यावर उघडतोय.

ताईंना मी हे सगळं करायला सांगितलं होतं आणि त्यांनी परत कळवलं, ते असं : भरताना नाही, उभं असताना नाही, धुताना नाही, ड्रेन सुरू झालं की मागच्या उजव्या कोपऱ्यातला पेपर निळा. मिस्टरांनी प्लग काढून मशीन थोडं पुढे ओढलं, तर ड्रेनचा तो नळ्यानळ्यांचा लवचिक पाइप पत्र्याच्या भोकातून बाहेर येतो ना, बरोबर तिथेच पत्र्याची कड घासून घासून पाइपला अर्धा इंच चीर. पाइप बदलला, त्या भोकाच्या कडेला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिरून बसवला. गिअर बॉक्स जिथे होता तिथेच आहे, नीट आहे.

आता एक गोष्ट आणि ती सगळ्यांसाठी. मशीनला हात लावायच्या आधी प्लग काढायचा. स्विच बंद नाही, प्लग बाहेर. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून मशीनच्या मागे हात घालायचा नाही. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गळती राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि घरात आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर ३० मिलीअँपिअरचा बसवून घ्या. आणि पाणी भरलेलं मशीन आडवं करायचं नाही, टबमध्ये ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो वजन, वर मशीनचं वजन वेगळं, पायावर आलं तर मशीनऐवजी तुम्ही रिपेअरला जाल.

प्रश्न : काका, मशीन बंद असतं, प्लग पण काढलेला असतो, तरी सकाळी झाकण उघडलं की टबच्या तळाशी पाणी. नळ बंद करायचा राहिला तरच होतं. भूत आहे का हो? — लातूर

भूत नाही, वाळू आहे. किंवा क्षार. लातूरच्या पाण्याबद्दल मी काय सांगणार, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यायला लागलं तुमच्याकडे, टँकर आणि बोअर यांच्याशी तुमचं नातं आमच्यापेक्षा जुनं.

इनलेट व्हॉल्वच्या आत रबराचा एक पातळ पडदा असतो. वीज मिळाली की तो उचलतो आणि वीज गेली की नळाच्या पाण्याच्याच दाबाने परत बसतो. त्या बैठकीवर वाळूचा एक कण अडकला किंवा क्षाराची खपली बसली की पडदा पूर्ण टेकत नाही आणि थेंब थेंब चालू राहतं. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी रात्रीच्या ८ तासात जवळजवळ दीड लिटर, म्हणजे तुमचं सकाळचं भूत. दाब अगदी कमी असला तरी पडदा नीट बसत नाही. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो, बहुतेक मशीनना कमीत कमी ०.३ किलो तरी लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या तीनेक मीटर वर पाहिजे. घराच्या गच्चीवरच टाकी आणि गच्चीखालच्याच मजल्यावर मशीन असेल तर हे गणित काठावर येतं.

खात्री करायची असेल तर पाणी भरत असताना मधेच प्लग काढा. पाणी थांबलं नाही तर व्हॉल्व अडकलाय. थांबलं तर व्हॉल्व ठीक, मग दोष लेव्हल सांगणाऱ्या प्रेशर स्विचचा किंवा मशीनच्या इलेक्ट्रॉनिक कार्डाचा, पण प्लग काढूनही तुमच्याकडे पाणी येतंय म्हणता तेव्हा तो विषय नाहीच.

नळ बंद करा, मशीनच्या मागचा पाइप हाताने फिरवून काढा (हाताने लावलेला हाताने निघतो, पान्याने आवळलेला असेल तर ज्याने आवळला त्याला आठवा), आत प्लास्टिकची छोटी जाळी दिसेल, पक्कडीने हळूच ओढा. मी अशा जाळ्या बघितल्यात ज्यात शंखशिंपले सोडून सगळं होतं. जाळी व्हिनेगरमध्ये किंवा पाण्यात लिंबूसत्व विरघळवून तासभर ठेवा, ब्रशने घासा, परत बसवा. जाळी फाटलेली असेल तर ती तशीच लावू नका, गाळ थेट व्हॉल्वमध्ये जातो आणि हे सगळं तिथूनच सुरू होतं. साफ करूनही टपकत राहिलं तर व्हॉल्व बदला, तो उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, स्वस्त पार्ट आहे, दोन-तीन स्क्रू आणि दोन वायरी, काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा म्हणजे कुठली वायर कुठे ते कळतं. नळ आणि पाइपच्या मधे गाळणीचा छोटा फिल्टर मिळतो तो लावून घ्या.

आणि धुणं झालं की नळ बंद. हे लातूरच काय, पुण्या-मुंबईत सोसायटीत प्रेशर पंप आहे त्यांनाही सांगतो. व्हॉल्व बंद होताना पाइपमधे धाडकन आवाज येतो ना, तो दणका रोज त्या वायसरवर आणि पाइपवर बसतो. आमच्या घरी मी हे बायकोला दहा वेळा सांगितलं आणि एकदा स्वतःच नळ चालू ठेवून लग्नाला गेलो, पाइप निसटला, परत आलो तर हॉलमधला गालिचा तरंगत होता. त्यावर अजून बोलणी खातो.

प्रश्न : खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत तक्रार केलीय की आमचं मशीन गळतं आणि त्यांच्या बाल्कनीचं छत ओलं होतं. आमच्या मशीनखाली तर पाणी दिसत नाही! फक्त मशीन पाणी सोडतं तेव्हा जाळीवर थोडं चढतं. — कोथरूड, पुणे

मशीन गळत नाहीये. तुमच्या बाल्कनीतला नहाणी ट्रॅप तुंबलाय आणि फरशीच्या सांध्यांतून पाणी खाली जातंय. मशीन टबभर पाणी एक-दोन मिनिटात सोडतं, बाल्कनीचा ट्रॅप हा मुळात पावसाचं आणि फरशी धुतलेलं पाणी जायला केलेला, त्यात कपड्यांचे तंतू, केस, साबणाची साय साचून अर्धा झालेला असतो, मग पाणी वर चढतं आणि मिळेल तिकडे जातं. जाळी काढा, आतला कप काढून साफ करा, एक बादली पाणी जोरात ओता, सरसर गेलं पाहिजे. ड्रेन पाइपचं टोक जाळीवर नुसतं टेकवू नका, मधे भोक असलेली जाळी मिळते ती बसवून पाइप आत सोडा, पण फार खोल नाही, टोक पाण्यात बुडता कामा नये. त्यानंतरही खाली ओल राहिली तर फरशीच्या कडेचे सांधे भरून घ्या. ते गवंड्याचं काम, मेकॅनिकला बोलवून उपयोग नाही. मशीन निर्दोष आहे हे खालच्यांना कसं पटवायचं ते मात्र मला विचारू नका, पुण्यात राहता.

प्रश्न : धुताना मधोमध टपकतं, स्पिनला विमान उडाल्यासारखा घरघर आवाज येतो आणि फरशीवर तांबूस डाग पडतात. १० वर्षांची वॉरंटी आहे पण कंपनीवाले म्हणतात यात येत नाही. — सांगली

इथे मात्र वाईट बातमी. बदलापूरच्या ताईंचं वाचून आशा लागली असेल पण तुमची तिन्ही लक्षणं एकाच जागेकडे बोट दाखवतात. टबच्या तळातून मधला दांडा खाली जातो, त्याच्या भोवती रबरी सील असतं, ते झिजलं की पाणी दांड्याच्या कडेने बेअरिंगमधे उतरतं, ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग गंजतं, ते तांबूस पाणी तेच. आवाजही त्याचाच. गळती पहिल्यांदा दिसली तेव्हाच थांबला असतात तर नुसत्या सीलवर भागलं असतं, आता सील आणि बेअरिंग दोन्ही, आणि बऱ्याच मॉडेलमधे बेअरिंग सुटं मिळत नाही, क्लचचा अख्खा सेटच बदलावा लागतो.

वॉरंटीचं म्हणाल तर ती १० वर्षं जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतात आणि "फक्त मोटरवर" हे बारीक अक्षरात. मोटर तुमची ठणठणीत असणार. रबर, बेअरिंग, मजुरी यात नाही.

घरी करू नका हे काम. वरचं पॅनल, टबची रिंग, फिरणारी चकती, मग आतला ड्रम धरून ठेवणारा मोठा नट, जो काही मॉडेलमधे उलट्या आट्याचा असतो आणि आपण सवयीने सुलट सोडवायला जातो, हातोडी मारतो आणि टबला तडा देतो. माझ्या पहिल्या वर्षी मीही दिलाय, मालकाने पगारातून कापला. मेकॅनिककडून करून घ्या पण तीन गोष्टी आधी ठरवा : कुठले पार्ट बदलणार ते कागदावर लिहून घ्या, काढलेले जुने पार्ट परत मागा, आणि आतला ड्रम बाहेर आलाच आहे तर तो आणि बाहेरचा टब घासून घ्यायला सांगा. आत जी काळी साय निघेल ती बघितल्यावर तुम्हाला वाटेल इतकी वर्षं आपण कपडे धुत होतो की काय करत होतो. मशीन १० वर्षांच्या पुढचं असेल, पत्रा खालून कुजलेला असेल, तर मात्र मी खर्च करा म्हणणार नाही. ७-८ वर्षांचं असेल आणि पत्रा धड असेल तर करा. आणि तोपर्यंत वापरू नका, पाणी खाली बेल्टवर आणि मोटरवर उडतंय, उद्या जी मोटर वॉरंटीत आहे तीही जाईल आणि पाण्याने गेली म्हणून वॉरंटीही जाईल.

प्रश्न : दर पावसाळ्यात ड्रेन पाइप बदलतोय, हे तिसरं वर्ष. एवढा लवकर खराब कसा होतो? कंपनीचा ओरिजिनल पाइप घेतो तरी. — चिपळूण

उंदीर. पाइप हातात घेऊन बघा, भोकाच्या कडेला दोन-दोन दातांच्या खुणा असतील. पावसात बिळात पाणी शिरलं की ते कोरडी जागा शोधतात आणि टॉप लोड मशीन खालून उघडं असतं, आत ऊब, अंधार, वर कपड्यांचा वास. पाइपवर थांबले तर नशीब समजा, प्रेशर स्विचची बारीक नळी कुरतडली तर मशीनला पाणी किती भरलं ते कळतच नाही, भरतच राहतं. आणि वायरी कुरतडल्या तर शॉक बसायची भीती.

खालून लावायचा पत्रा किंवा जाळी तुमच्या मॉडेलची मिळते का विचारा. नसेल तर बारीक तारेची जाळी कापून खालून स्क्रूने बसवून घ्या, फक्त दोन गोष्टी सांभाळा, फिरणाऱ्या पुलीला लागता कामा नये आणि हवा खेळती राहिली पाहिजे. नुसतं पुठ्ठा-प्लास्टिक लावू नका, ते त्यांच्यासाठी नाश्ता आहे. मशीनच्या आत उंदराचं औषध ठेवू नका, तो आतच मरतो आणि मग तुम्ही मला वेगळं पत्र लिहाल. आणि ओरिजिनल पाइपचं म्हणाल तर उंदराला ब्रँड कळत नाही.

प्रश्न : एरवी थेंबही गळत नाही. गोधडी किंवा सोलापुरी चादर टाकली की पूर्ण बाल्कनीत पाणी आणि मशीन चालत चालत दारापर्यंत येतं. — नागपूर

ताई, मशीन चालत येतं म्हणजे ते तुम्हाला सांगायला येतंय.

गोधडी पाण्यात टाकली की आधी फुगून वर येते, वरून पडणारी धार तिच्या पाठीवर आपटते आणि टबच्या कडेवरून बाहेर उडते. ही पहिली गळती. मग ती भिजून एका बाजूला गोळा होते, स्पिनला ड्रम मिनिटाला ७०० च्या आसपास फेरे घेतो, सगळं वजन एकीकडे, टब बाहेरच्या पत्र्यावर आपटतो, पाइपचे क्लॅम्प सैल होतात. ही दुसरी. आणि पावडर तुम्ही गोधडी मोठी म्हणून दुप्पट टाकत असणार, तीही हाताने धुवायची, म्हणजे फेसच फेस, फेस कुठूनही बाहेर येतो. ही तिसरी.

गोधडी आधी बादलीत भिजवून, हवा काढून, मग ड्रममधे गोल वेटोळं करून सगळीकडे सारखी पसरा, मधे डोंगर नको. मशीनसाठीची पावडर वापरा आणि नेहमीपेक्षा कमी. जाड गोधडी, आजीच्या हातची सात-आठ लुगड्यांची वगैरे असेल तर ती मशीनमधे टाकूच नका, भिजली की दोन माणसांना उचलत नाही, मशीनने का उचलावी. रेनकोट, रबरी शीट, ताडपत्रीसारखं काहीही स्पिनला घालायचं नाही, त्यात पाणी अडकून बसतं आणि भर वेगात एकदम सुटतं, मशीन फुटल्यासारखं उडू शकतं.

साध्या कपड्यांनाही डुलायला लागलं तर आधी मशीन समतल आहे का बघा. बाल्कनीला उतार असतोच, त्यामुळे चारी पाय सारखे असून चालत नाही, उताराच्या बाजूचे जास्त बाहेर काढावे लागतात. झाकणावर पाण्याची वाटी ठेवली की कळतं. तेही ठीक असेल तर टब ज्या चार दांड्यांना लटकलेला असतो ते सस्पेन्शन रॉड सैल झालेत, चारी एकदम बदलायचे, एक बदलून बाकीच्यांवर भार टाकायचा नाही. ड्रमच्या वरच्या कडेला जी जाड रिंग असते तिच्यात खारं पाणी भरलेलं असतं, तोल सांभाळायला. रिंगजवळ पांढरे मिठासारखे ओघळ दिसले तर ती फुटलीय, मग कितीही समतल करा, डुलणारच.

प्रश्न : टबच्या बाहेरच्या बाजूला तडा होता, एम-सील लावलं, दोन दिवसात निघालं. परत लावलं, परत निघालं. — नाशिक

निघणारच. टब ज्या प्लास्टिकचा असतो ते पॉलिप्रॉपिलीन, त्याला एम-सील काय कुठलाच साधा डिंक नीट धरत नाही, वर पाण्याचं वजन आणि हादरे. प्लास्टिक वेल्डिंगवाला गाठा, गाड्यांचे बंपर जोडतात ते, तडा लहान असेल तर टिकतं. मोठा असेल तर टब बदला. पण तडा पडला कसा ते आधी शोधा, खिशातलं नाणं नाहीतर पिन दोन टबांच्या मधे फिरत असेल तर नव्या टबचंही तेच होईल.

प्रश्न : दादा, गावी आईकडे सेमी ऑटोमॅटिक आहे, वाईजवळ. आई म्हणते मशीन पाणी धरत नाही, भरलं की पाइपातून निघून जातं, म्हणून तिने ड्रेन पाइप वर उचलून खिळ्याला बांधलाय. आता पाणी राहतं पण सुकवायच्या टबमधे येतं. — सध्या मुक्काम ठाणे

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, निम्मं निदान त्यांनी स्वतःच केलंय. पाइप वर बांधल्यावर पाणी राहतं म्हणजे टबला, सीलला काही झालेलं नाही, खालचा ड्रेन व्हॉल्व बंद होत नाहीये एवढंच. दोन्ही टबचं पाणी खाली एकाच पाइपला मिळतं, तो पाइप उचलला की पाण्याला जायला जागा नाही म्हणून ते स्पिनच्या टबमधे चढतं. तो खिळा आजच काढायला सांगा, कारण स्पिन टबच्या बरोबर खाली त्याची मोटर असते आणि त्या बाजूचं सील सतत पाण्यात राहिलं तर ते पाणी मोटरवर उतरतं.

तुम्ही गावी जाल तेव्हा करा. प्लग काढून मागचं झाकण उघडा. वरचा ड्रेनचा खटका फिरवला की एक पट्टी किंवा दोरी व्हॉल्वचं रबर वर ओढते, खटका परत फिरवला की स्प्रिंगने ते खाली बसतं. पट्टी ताणलेलीच राहत असेल तर एक घर ढिली करा. नाहीतर व्हॉल्वच्या डबीचं झाकण फिरवून उघडा, खाली परात ठेवा, आतलं रबर आणि स्प्रिंग बाहेर काढा. शेतातून आलेले कपडे असतील तर आत काय काय सापडेल सांगता येत नाही. माझ्याकडे एकाने आणलेल्यात कुसळं, ब्लाउजचा हूक, अर्धी विडी आणि ज्वारीचे दोन दाणे होते, त्यातला एक मोडाला आलेला. साफ करा, रबराची कड बोटाने चाचपून बघा, चिरली असेल तर रबर तालुक्याच्या दुकानात मिळतं, मशीनचं मॉडेल सांगायच्या ऐवजी जुनं रबरच हातात घेऊन जा, आकारात जरा फरक पडला तरी बसत नाही.

परत लावताना स्प्रिंग सरळ बसली का बघा, पाणी भरून अर्धा तास ठेवा, खाली पेपर टाकायला विसरू नका. आणि पाइप जमिनीवर आडवा, मोरीकडे उतार करून ठेवा. पाइप खिळ्याला बांधलेली ती दोरी आईंनी कपडे वाळत घालायला वापरली तर चालेल.